मला सीताफळ आवडत नाही

माझ्या मित्राला प्रश्न विचारायची खोड लागली ती रेडिओपायी. रविवारी सकाळी रेडिओवर एक बाई कुणातरी मोठ्या माणसाला बोलावून विचारत, तुमचा आवडता रंग कोणता, गोड काय आवडतं, पक्षी झाला असता तर कोणता झाला असता. मित्राला हा प्रकार फार भावला. पण त्याचं म्हणणं असं की मोठ्या माणसांना सगळेच विचारतात, आपल्यासारख्यांना कोण विचारतं? म्हणून तो मला विचारू लागला. दर रविवारी एक प्रश्न.

त्याचं दुकान अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या एका गल्लीत. गाद्या, रजया, उशा. बाप पिंजारी, आजा पिंजारी. बापाचं पिंजण, म्हणजे रुई पिंजायचं ते माणसाएवढं लांब धनुष्य, भिंतीवर टांगलेलं. खाली पिंजायचं मशीन आणि पुढे लाकडी फळी. त्या फळीवर माझी जागा ठरलेली. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. शुक्रवारी त्याचं दुकान बंद, रविवारी माझं काम बंद, त्यामुळे भेट व्हायची ती रविवारीच. जठारपेठेतून सायकल काढायची, पूल ओलांडायचा आणि दुपारपर्यंत त्याच्या फळीवर बसायचं, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. खरं सांगायचं तर दुसरा मित्र मला नव्हता.

"सांग बे," पहिल्या रविवारी त्यानं विचारलं, "फळायमंधी तुले कोनतं फळ आवडते?"

"काहून?" मी म्हणालो.

"काहून म्हंजे? सहज इचारून राह्यलो."

सहज! या शब्दाची मला चीड होती. माझ्या अनुभवात सहज विचारलेल्या प्रश्नामागे कापसाची एक तरी बैलबंडी उभी असायचीच.

मी कापसाचा ग्रेडर होतो. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत मुक्काम नांदगाव खंडेश्वरच्या बाजूच्या एका सरकारी खरेदी केंद्रावर, शनिवारी रात्री तेवढा घरी यायचो. कास्तकारांच्या बंड्या दोन-दोन दिवस रांगेत उभ्या राहत. मी एकेका बंडीपाशी जायचो, कोपरापर्यंत हात खुपसायचो, मूठभर कापूस काढून दाबायचो, सरकी दाताखाली फोडायचो आणि पुचका, म्हणजे रुईचा झुबका, ओढून धाग्याची लांबी पाहायचो. मग एकच शब्द बोलायचो. पहिली, दुसरी, नाहीतर फरतड. फरतड म्हणजे शेवटच्या वेचणीचा हलका माल. त्या एका शब्दावर समोरच्याचं सगळं वर्ष ठरायचं, हे त्याला ठाऊक असायचं आणि मलाही.

वजन वाढावं म्हणून लोक कापसावर पाणी मारत. वर पांढराशुभ्र माल आणि पोटात कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, भरत. मी त्यांना दोष देत नाही. ती वर्षंच तशी होती. बियाण्याच्या पाकिटावर एक असायचं आणि वावरात दुसरंच उगवायचं. फवारलेल्या औषधानं अळी उलट गुबगुबीत व्हायची. शहरातून पाहणीवाले यायचे, कागद पुढे करून घरात माणसं किती, दुःख किती ते विचारायचे, आणि चांगला बोलका माणूस अडाण्याचं तोंड करून "मालूम नाई" म्हणायचा. कुणी कुणाला सरळ उत्तर देत नव्हतं. मला तर पगारच संशयाचा मिळायचा. वरून दिसतो तो माल खरा नाही, हात आत घातल्याशिवाय बोलायचं नाही, हेच माझं काम होतं आणि हळूहळू तोच माझा स्वभाव झाला.

तरी सुरुवातीला मी बराच भोळा होतो. नोकरीच्या दुसऱ्याच हंगामात केंद्राबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक जण सहज म्हणाला, "साहेब, तुमाले काय आवडते हो खायले?" मी सांगून टाकलं, सीताफळ. लहानपणापासून माझा जीव आहे सीताफळावर. दुसऱ्या दिवशी खोलीवर दोन टोपल्या हजर. रान-सीताफळं, डोळे उललेली, खोलीभर वास सुटलेला. मी टोपल्या परत पाठवल्या. पण त्याआधी एक फळ खाल्लं. एकच. त्या माणसाची बंडी आली तेव्हा माल दुसऱ्या प्रतीचा होता आणि माझ्या तोंडून निघालं, "पहिली." मागच्या बंडीवरच्या म्हाताऱ्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, जणू बियांचा चिकटपणा अजून बोटांना होता.

त्या दिवशी कानाला खडा लावला. कुणी विचारलं तर मला काहीच आवडत नाही. चहा? चालतो. गोड? नाही खात. पोरीला काय आवडतं? माहीत नाही. माणसाची आवड म्हणजे मागच्या दाराची कडी. ती कुठे आहे हे कुणाला सांगायचं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, मी तर पाणीही फुंकून पिऊ लागलो. घरी बायको विचारायची, "आज काय करू?" मी म्हणायचो, "काहीही." पहिल्यांदा ती रागावली, मग तिनं विचारणं सोडलं. सीताफळाच्या दिवसांत घरात सीताफळ येईना. मीच सांगितलं होतं ना, आवडत नाही म्हणून.

म्हणून त्या रविवारी मित्रालाही मी तेच सांगितलं. "मले फळं नाई आवडत. सीताफळ त बिलकुलच नाई."

तो उशीत रुई भरत होता. हात थांबवून त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि हसला. "बरं," म्हणाला, "नाई त नाई."

ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. त्याच्या बायकोचा भाऊ आमच्या केंद्राच्या बाजूलाच शेती करतो, हे मला माहीत होतं. काळ्या जमिनीची चांगली शेती. म्हणजे यालाही कधी ना कधी काम पडणारच. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला या दुनियेत काही मला एकट्यालाच दिसत होती असं नाही, पण मला ती जास्त दिसायची.

तरी मी जात राहिलो आणि तो विचारत राहिला. पाखरू झाला असता तर कोणतं? मी म्हणालो, "काहून?" तो म्हणाला, "मी त व्हला झालो असतो बाप्पा, कोनाच्या अध्यात नाई मध्यात नाई." व्हला म्हणजे होला, कबुतरासारखं गरीब पाखरू. रंग कोणता आवडतो? "काहून? रजई शिवून राह्यला का माह्यासाठी?" समुद्र पाहायचा की बर्फ? "जाऊ तवा पाहू." तो प्रत्येक वेळी हसायचा. "तुले तुहं नाव इचारलं तरी तू काहून म्हनशीन." गल्लीतून जाणाऱ्यालाही तो हे सांगायचा, आणि मी वरवर हसून मनात नोंद करायचो की आज अमुक विचारलं, बहुतेक तमुक हवं असेल. एकदा त्यानं माझ्या पोरीची आवड विचारली. घरी येऊन मी पोरीला बजावलं, काकांनी काही दिलं तर घ्यायचं नाही. तिनं नंतर त्याच्याकडून साधी गोळीसुद्धा घेतली नाही. पाच-सहा वर्षांची होती बिचारी.

अशी सात-आठ वर्षं गेली आणि त्यानं मागितलं काहीच नाही. दुसऱ्या कुणाला यात समाधान वाटलं असतं. मला वाटायचं, हा मोठा शिकारी आहे, घाई करत नाही.

एका दिवाळीच्या आधी, हंगाम सुरू व्हायला आठवडा असताना, त्यानं विचारलं, "समज वरचा खाली आला न् म्हनला, एक गोष्ट माग. त काय मागशीन?"

माझ्याकडे उत्तर होतं. त्याला ऐकायला येईल की काय इतकं जवळ होतं. भिंतीवरचं ते पिंजण. शाळेतून सुटलो की मी दारात उभा राहून त्याच्या बापाला पिंजताना पाहायचो. पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी दांडकं पडलं की जो आवाज निघायचा तो छातीत वाजायचा, आणि रुई अशी उडायची की दुकानात काही दिसेनासं व्हायचं. मला एकदा ते हातात घ्यायचं होतं. बाप कुणाला हात लावू देत नसे. जन्मभर मी कापसात हात घातला तो खोट काढायला. एकदा तरी नुसता पिंजून पाहावा, गादीभर, उशीभर, कुणी रांगेत उभं नसताना, एवढीच माझी इच्छा होती. पण इच्छा सांगितली की तो ते पिंजण खाली काढून माझ्या हातात देणार, मग मी त्याच्या उपकारात.

"काहून?" मी म्हणालो. "तू देनार हायस का?"

"माह्याच्यानं देनं झालं त देईन ना बे," तो म्हणाला.

हे वाक्य मी घरी नेलं, जेवताना चावलं, केंद्रावर नेलं. माह्याच्यानं देनं झालं त देईन.

दहाव्या-बाराव्या दिवशी रांगेत एक बंडी आली. पांढरी दाढी, स्वच्छ धुतलेला सदरा, बैल नीट ठेवलेले. मी जवळ गेलो तसा तो माणूस खाली उतरला आणि मोठ्यानं म्हणाला, "साहेब, आमच्या अकोल्याच्या दुल्हाभाईनं तुमाले सलाम सांगतला हाय." दुल्हाभाई म्हणजे बहिणीचा नवरा, माझा मित्र.

वऱ्हाडात कुणी गावाला निघालं की तिकडच्या ओळखीच्याला रामराम नाहीतर सलाम सांगायला देतात. देणाऱ्याला त्यातून काही नको असतं. नेणारा मात्र तो ठेव असल्यासारखा नेतो आणि पोचवतो. पोचवला नाही तर त्याला चुकल्यासारखं वाटतं. मी स्वतः असे किती रामराम पोचवले असतील. मला हे सगळं माहीत होतं. पण त्या क्षणी मला सलाम ऐकू आला नाही. मला ऐकू आलं, "आता काढ माझं काम." आणि तेही रांगेसमोर, सगळ्यांच्या देखत. डोक्यात तिडीक गेली.

हात खुपसला. कापूस कोरडा होता, उन्हानं कोमट. आणखी खाली हात नेला, तळापर्यंत एकच माल. सरकी दाताखाली कट्‌कन फुटली. पुचका ओढला तर धागा लांब, मऊ, एक कवडी नाही. त्या हंगामात एवढा चांगला कापूस मी पाहिला नव्हता. हात सांगत होता, पहिली. मी म्हणालो, "दुसरी."

"साहेब, पुन्यांदा पाहून घ्या ना."

"पाह्यलं."

त्यानं दुसऱ्यांदा विनवलं नाही. बैलांच्या गळ्याला हात लावून नुसता उभा राहिला. रांगेतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "हा साहेब कोनाचाच नाई बाप्पा." ते शब्द माझ्या कानावर पडले आणि मला अभिमान वाटला. हे सांगायची आज लाज वाटते, पण वाटला होता. त्या संध्याकाळी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढच्या रविवारी फळीवर बसलो. मित्रानं चहा मागवला. थंडी यंदा उशिरा आहे म्हणाला, रजया उठत नाहीत म्हणाला. मेव्हण्याचा विषय नाही, बंडीचा नाही. मी वाट पाहत होतो की आता भांडेल, आता टोमणा मारेल. तो रुई भरत राहिला. रेडिओवरच्या बाई कुणाला तरी विचारू लागल्या, तुमचं आवडतं फळ कोणतं? मित्र उठला, रेडिओ बंद केला आणि परत येऊन उशीला टाके घालू लागला.

त्या दिवशी त्यानं मला काही विचारलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. पहिल्यांदा मला वाटलं, बघा, डाव फसला म्हणून रुसलाय. मग थंडी आली, संक्रांत गेली, आणि मला त्या प्रश्नाची सवय किती झाली होती ते कळू लागलं. पुलावरून सायकल नेताना मी मनात उत्तरं तयार करायचो. खोटीच, पण करायचो. आठवडाभरात मला काय हवंय असं विचारणारा तो एकटा माणूस होता, आणि आता तोही विचारत नव्हता. फळीवर मी बसायचो, चहा यायचा, चहा संपायचा.

होळीच्या सुमाराला एका रविवारी मी पोचलो तेव्हा तो दोरा आणायला गेला होता. आतल्या परद्यामागून त्याची बायको, भाभी, बोलल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कधी आपणहून बोलल्या नव्हत्या.

"भाई, एक बोलू? राग त येनार नाई?"

"बोला ना."

"माह्या भावानं याईच्यापाशी हात जोडले होते. म्हने, तुमचे दोस्त हायत, एक शबद टाकून द्या. हे म्हनले, माल चांगला हाय त शबद कायले पाहिजे? न् माल खराब असन त म्या टाकनार नाई. दोस्तीत भेसळ नाई करत मी. फकत सलाम सांगजो म्हनले." त्यांनी परदा सारखा केला. "यंदा माह्या भावानं कापसाची पराटी नाई लावत म्हनून सांगतलं. सोयाबीन पेरतो म्हने."

बरं झालं, मध्ये परदा होता.

मित्र आला. दोऱ्याचं रीळ ठेवून माझ्याशेजारी बसला. मी सरळ सांगून टाकलं, कारण आडून सांगायची पद्धत मला येत असती तरी त्या दिवशी सुचली नसती. "तो माल पहिल्या प्रतीचा होता. म्या जानून दुसरी देल्ली."

"मले मालूम हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"पिंजाऱ्याले रुई नाई समजत का? त्यानं त्याच्या पोरीच्या रजईसाठी त्याच वावरातला कापूस आनला होता."

"मले वाटलं, तू इतकी वर्सं माह्या आवडी इचारून राह्यला, त्या यासाठीच."

आता तो माझ्याकडे वळला. रागानं नाही, पण हसतही नव्हता. "तुही आवड मले इचारा लागते काय बे? मोर्णेच्या मळ्यात सीताफळाच्या झाडावर कोनाचा सदरा फाटला होता? माळी आला तवा तू खाली नाई उतरला, आधी फळ खाल्लं न् मंग उतरला. म्या फळ इचारलं त तू म्हनाला, सीताफळ बिलकुल नाई. सीताफळाचं नाव म्या घेतलं होतं का?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"मंग इचारत काहून होता?" मी विचारलं.

तो रिळाचं टोक शोधत राहिला. "आधी तू लय बोलत होता," म्हणाला. "शाळेत तुहं तोंड बंद नाई होत होतं. मंग नोकरी लागली न् तू बोलेनासाच झाला. म्हटलं, दर रविवारी थोडं थोडं इचारलं त बोलन."

बाहेरून एक बाई आली, दोन उशा घेऊन गेली. मी तिथेच बसलो होतो. माझ्या सख्ख्या मित्राच्या मालात मी सात-आठ वर्षं हात खुपसून पाहत होतो, तळापर्यंत एकच माल होता, आणि तरी मी त्याला दुसरी दिली होती. त्याच्या मेव्हण्याची भरपाई माझ्या हातात नव्हती. हंगाम सरला होता आणि प्रतीची चिठ्ठी एकदा फाडून दिली की ती बदलत नाही. मला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. मग मला वाटलं, आता तरी याला एक खरं उत्तर द्यावं. त्यानं विचारलेलं, इतक्या दिवसांचं राहिलेलं. मी भिंतीकडे बोट केलं.

"मले ते पिंजन एकडाव वाजवाचं हाय," मी म्हणालो. "लहानपनापासून हाय मनात."

त्यानं पिंजणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता उठेल, स्टुलावर चढेल, ते खाली काढेल आणि म्हणेल, घे लेका. आधीचा तो असता तर उठलाच असता.

"काहून?" त्यानं विचारलं.

तो चेष्टा करत नव्हता. सुई हातात धरून तो खरंच उत्तराची वाट पाहत होता, भुवया जराशा आवळून, मी इतकी वर्षं पाहायचो तसा. त्या प्रश्नाला समोरच्यानं काय सांगितलं म्हणजे विश्वास बसतो, ते मला कधीच कळलं नव्हतं.